रोजची भाकर आणि नाईट ड्युटी

पोरी, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज पहाटे सव्वापाचला आला तेव्हा मी जागीच होते, एकतीस वर्षं नर्सिंग केल्यावर झोपेचं घड्याळ कायमचं बिघडतं, तुलाही कळेल हळूहळू. लगेच फोन करणार होते पण मग म्हटलं नको, तू बोलायच्या अवस्थेत नसशील, त्यापेक्षा सावकाश लिहून पाठवते, तुला पाहिजे तेव्हा वाच, तुकड्यातुकड्यात वाचलंस तरी चालेल.

सलग तिसरी नाईट, दोन नंबर बेडवरचे आजोबा तीन चाळीसला गेले, मुलगा तुझ्या अंगावर धावून आला, काल सकाळी हँडओव्हरच्या वेळी इन्चार्ज सिस्टरने सगळ्यांसमोर झापलं आणि मग रूमवर येऊन प्रार्थनेला गुडघे टेकलेस तर तोंडातून शब्दच फुटेना. आणि खाली लिहिलंस, "मावशी, माझा विश्वास संपला का?"

नाही संपला. संपला असता तर तू मला पहाटे सव्वापाचला हे विचारलंच नसतंस. आता पहिलं काम सांगते, हे वाचत असताना जर तू जेवली नसशील तर फोन बाजूला ठेव आणि काहीतरी खा. खरंच. त्या रात्री डबा उघडला होतास का? मला माहितीये उघडला नसणार.

मी हे आईपणाने सांगतेय असं समजू नकोस, पवित्र शास्त्रातलंच, बायबलमधलंच सांगतेय. शब्बाथशाळेत, रविवारच्या मुलांच्या वर्गात, तुम्हाला एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली होती ती कर्मेल डोंगराची, आकाशातून अग्नी पडला ती, मुलांना तीच आवडते ना, तू तर फळ्यावर डोंगर काढला होतास. पण त्याच्या पुढचा अध्याय, १ राजे १९, तो मी तुम्हाला नीट शिकवलाच नाही, तो मोठं झाल्यावरच लागतो. एवढा मोठा विजय झाला आणि लगेचच ईजबेल राणीच्या एका निरोपावर हा माणूस जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि देवाला म्हणाला आता पुरे, माझा प्राण घे. संदेष्टा बरं का, साधासुधा माणूस नाही. आणि देवाने काय केलं? प्रवचन दिलं नाही, विश्वास कुठे गेला तुझा असं विचारलं नाही. देवदूत आला, त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं होतं, ते खाऊन तो परत झोपला, देवदूताने झोपू दिलं, मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं आणि म्हणाला की पुढची वाट तुला झेपणारी नाही म्हणून खा. होरेब डोंगरावरची देवाची ती शांत मंद वाणी त्यानंतर आली, चाळीस दिवसांनी. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा.

माझी स्वतःची एक रात्र सांगते, ही मी मंडळीत, चर्चमध्ये, कधी साक्ष म्हणून सांगितलेली नाही. १९८९ साल, माझं पोस्टिंग होऊन चार महिने झाले होते, एका तालुक्याच्या गावात. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेलं आठ महिन्यांचं बाळ रात्री दोनला बैलगाडीतून आणलं, टाळू आत गेलेली, चामडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. सलाईन लावायला शीर सापडेना. हात, पाय, डोकं, सगळीकडे बघितलं, डॉक्टरांनीही प्रयत्न केले, माझे हात थरथरत होते आणि मी मनात एकसारखं म्हणत होते प्रभू शीर दाखव, प्रभू शीर दाखव. नाही सापडली, आणि सापडली तोवर उशीर झाला होता. त्या आईचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. प्रार्थना नाही, रडू नाही, काही नाही, नुसती बसले. आमच्याकडे रात्रीला एक आया होत्या, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारीला जाणाऱ्या. त्या आल्या, फडक्यात बांधलेली बाजरीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी खा, मग रड." मी खाल्लं. मग रडले. मग साडेपाचला उठून टेम्परेचर घ्यायला वॉर्डात गेले. एलीयाचा अध्याय मी त्याआधी कितीदा वाचला असेल, पण तो मला कळला त्या दिवशी, आणि प्रभू कोणाच्या हातून भाकर पाठवेल ते आपण ठरवायचं नाही हेही त्याच दिवशी कळलं.

भाकरीवरूनच पुढचं सांगायचंय कारण मला वाटतं तुझी खरी अडचण तिथेच आहे. तू लिहिलंस की "अजून सगळं आयुष्य असं कसं काढू, तीस वर्षं ही ताकद कुठून आणू". पोरी, तीस वर्षांची ताकद कोणालाच मिळत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो बघ, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. रोजची, आणि आज. आपल्या मराठी शास्त्रात तिथे भाकर हा शब्द आहे याचा मला फार आनंद होतो, कारण भाकर म्हणजे काय ते आपल्याला हाताला माहितीये. आदल्या दिवशीची शिळी कुस्करून खातो आपण, ते सोड, पण आठवडाभराच्या भाकरी कोणी एकदम थापून ठेवत नाही. रोज परात घ्यायची, रोज पीठ मळायचं, रोज तवा तापवायचा. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे आकाशातून पडलेलं अन्न, मिळाला तोही तसाच, दर सकाळी माणशी एक माप, आणि ज्यांनी उद्यासाठी म्हणून लपवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायला परवानगी. चाळीस वर्षं असं चाललं, कोणाच्याही तंबूत कोठार नव्हतं. मला एकतीस वर्षांत एकदाही असं वाटलं नाही की आता माझ्याकडे भरपूर बळ साठलंय, पण ड्युटीवर जायच्या वेळी त्या रात्रीपुरतं मिळालं. कधीकधी तर रात्रीपुरतंही नाही, पुढच्या राऊंडपुरतं.

म्हणून गुडघे टेकून मोठी प्रार्थना जमत नसेल तर सध्या करू नकोस. मी काय करायचे ते सांगते. वॉशबेसिनवर ते पोस्टर लावलेलं असतं ना हात धुवायच्या पायऱ्यांचं, साबण-पाण्याने पूर्ण धुवायला ४० ते ६० सेकंद. तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना अख्खी होते, घाई न करता. मी तशीच सुरुवात केली, हात धुवायचे आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो"पर्यंत तळवे-बोटं, "भाकर" आली की अंगठे. हसू नकोस, एका रात्रीत वीस-पंचवीस वेळा तरी हात धुतेस तू, म्हणजे वीस-पंचवीस वेळा प्रभूशी बोलणं झालं आणि हातही नीट धुतले गेले. काही वाटलंच पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा मलाही काही वाटायचं नाही, पाणी गार आहे एवढंच वाटायचं.

आणि जेव्हा शब्दच नसतील तेव्हा उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यात "किती वेळ, हे परमेश्वरा" असं ओरडणारी बरीच आहेत, आपण मंडळीत नेहमी तेविसावं आणि एकशे एकविसावं म्हणतो म्हणून तुम्हा मुलांना वाटतं सगळी तशीच गोड असतात. अठ्ठ्याऐंशीवं काढून वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आशेची ओळ नाही, स्तुती नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय. देवाला असली प्रार्थना चालते.

आता त्या आजोबांबद्दल. तू लिहिलंस की माझंच काही चुकलं असेल. इथे मी मावशी म्हणून नाही, सिस्टर म्हणून बोलते. चुकलं असेल तर ते नेमकं काय चुकलं ते सांगता आलं पाहिजे, कुठला डोस, किती वाजता, कोणाला कळवायला उशीर झाला. तसं काही असेल तर ते लेखी दे, लपवू नकोस, आणि मग प्रभूजवळही कबूल कर, त्याच्याजवळ क्षमा आहे, ती घेऊन उठ आणि पुढच्या वेळी बदल. पण तू जे लिहिलंयस त्यात मला चूक दिसत नाही, वेळेवर बीपी घेतलंस, डॉक्टरांना दोनदा कॉल केलास, नोंदी आहेत. मग जे उरतं ते पाप नाही, थकवा आहे आणि दुःख आहे, आणि थकव्याची कबुली देऊन क्षमा मागत बसलीस तर तुला कधीच मोकळं वाटणार नाही. तो मुलगा ओरडला ते त्याचे वडील गेले म्हणून. इन्चार्जचं वागणं मात्र चूकच, सगळ्यांसमोर असं बोलायचं नसतं, तू शांत झालीस की दोन दिवसांनी एकटीने जाऊन तिला हे सांगू शकतेस, ख्रिस्ती आहे म्हणजे सगळं गिळायचं असं कुठेही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय. तुला कोणीतरी म्हणेल, तुझ्या मेसेजवरून वाटतं की ऑलरेडी म्हणालंय, की विश्वास कमी पडतोय म्हणून असं होतंय, उपास कर, अजून प्रार्थना कर. हे ऐकू नकोस. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती आठवतो? चौघांनी त्याला बाजेवर उचलून आणला, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उचकटलं आणि वरून खाली सोडला. येशूने कोणाचा विश्वास पाहिला? "त्यांचा" विश्वास असं लिहिलंय. तो बाजेवर पडलेला माणूस तोंडातून एक शब्दही बोललेला नाही. तू रोज स्ट्रेचर ढकलतेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल, स्ट्रेचरवरच्या माणसाने चालून दाखवायचं नसतं. सध्या तू बाजेवर आहेस, आम्हाला उचलू दे. रविवारी नाईट उतरून उपासनेला जाता आलं तर जा, मागच्या बाकावर बस, गीतं म्हणू नकोस, नारायण वामन टिळकांच्या भजनाला तबला-पेटी सुरू झाली की नुसतं ऐक, डोळा लागला तर लागू दे. ड्युटी असेल तर पाळकसाहेबांना फोन करून सांग माझं नाव घेऊन प्रार्थना करा.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि गंमत बघ, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्त खरा भेटला. आठ वर्षं! एवढी विद्वान बाई, आणि त्या मधल्या वर्षांत विधवांसाठी शारदा सदनही काढलं, काम थांबवलं नाही. शेवटी शेवटी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवत होत्या, १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली, तरी ते काम तडीस नेलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्याचा छापखाना केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच होता, तिथल्या बायकाच छपाईचे खिळे जुळवायच्या. हे केडगाव म्हणजे आपलं नगरचं नव्हे हं, दौंडकडचं. तू सुट्टीला येशील तेव्हा वाटेत उतरू, मला परत एकदा बघायचंय.

अजून एक, हे टाळू नकोस. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सारखं मरणाचं मनात येतं, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरला दाखवायचं, मानसोपचाराच्या. तू पेशंटला सांगतेस ना तसंच. आणि मरणाचा विचार आला तर दोन आठवडे थांबायचंही नाही. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह कर, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, आणि माझा नंबर तर आहेच, कितीही वाजता. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही, मी स्वतः २००४ मध्ये सात महिने घेतल्या आहेत, आता तुला सांगितलं.

आज पडदे ओढून झोप. एकशे एकविसाव्या स्तोत्रात लिहिलंय तसं तुझा रक्षक डुलकीसुद्धा घेत नाही, मग वॉर्डाची राखण आज त्याच्याकडे राहू दे, तुझी चौथी नाईट उद्या आहे ना, आज नाही.

रविवारी चारला फोन करते. उचलला नाहीस तर झोपली आहेस असं समजेन आणि सहाला परत करेन. बाजरीचं पीठ आणि चटणी पाठवतेय, पुण्याला येणाऱ्या एकांजवळ दिलंय, स्टँडवर जाऊन घे.

तुझी मावशी