बडोद्याजवळच्या ओढ्यातील खेकड्यांची संख्या कशी मोजावी?

बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बडोद्याजवळच्या ओढ्यातील खेकडे कसे मोजावेत, असे आपण विचारले आहे. पकडलेल्या प्रत्येक खेकड्याच्या कवचाची रुंदी मोजावी, पोटाखालची झडप अरुंद असल्यास नर आणि रुंद, गोलसर असल्यास पूर्ण वाढलेली मादी अशी नोंद करावी, आणि कवचावर टिकाऊ रंगाचा ठिपका देऊन त्याला त्याच जागी सोडावे. थोड्या दिवसांनी दुसरी फेरी करून पुन्हा खेकडे पकडावेत; त्यांत खुणेच्या खेकड्यांचे जे प्रमाण दिसते तेच साऱ्या ओढ्यात आहे, असे धरून एकूण संख्येचा अंदाज काढतात. समजा, पहिल्या फेरीत ६० खेकड्यांवर खुणा केल्या आणि दुसऱ्या फेरीत सापडलेल्या ५० पैकी १५ खुणेचे निघाले, तर अंदाज ६० गुणिले ५० भागिले १५, म्हणजे २०० येतो. मात्र कात टाकताना कवचाबरोबर खूणही जाते आणि अंदाज फुगतो. म्हणून दोन फेऱ्यांत थोड्याच दिवसांचे अंतर ठेवावे.

अंडी किंवा पिल्ले पोटाशी बाळगणारी मादी कृपया हाताळू नये. या खेकड्यांची पिल्ले पोहणाऱ्या अळीच्या अवस्थेतून न जाता थेट इवल्या खेकड्यांच्या रूपात बाहेर येतात, त्यामुळे ती दूरवर पसरत नाहीत आणि एका ओढ्यातील घट बाहेरून सहसा भरून निघत नाही. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पात्रात मगरी आहेत. तेथे मुळीच उतरू नये.