जे-पाउचच्या (मोठं आतडं काढून लहान आतड्याचीच साठवणीची जागा करतात त्या) ऑपरेशननंतर कमी खाल्लं तर संडासला कमी जावं लागतं का? काय खायला द्यावं?

नाही, कमी खाल्ल्याने जाणं कमी होत नाही. माणूस खंगतो तेवढा.

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची पोटावरची, संडास गोळा करणारी तात्पुरती पिशवी काढून महिना झाला, अजून दिवसातून 12 वेळा जावं लागतं, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात जेवण-पाणी अर्धं करा. मी इथे फारसं लिहीत नाही, पण हेच वाक्य माझ्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की गप्प बसवेना.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. मोठं आतडं काढलं, पाउच झाला, पिशवी बंद झाली आणि हिंडू-फिरू लागेपर्यंत मी दादाकडे राहायला गेले. दादा प्रेमळ आहे, मी रात्री उठले की तोही उठायचा, हे आधीच सांगते. पण त्याचं मत पक्कं होतं: आत कमी गेलं की बाहेर कमी येईल. सकाळी पातळ भात, दुपारी पातळ भात, संध्याकाळी अर्धं केळं. मीठ नावाला. पाण्याचा पेलासुद्धा तो मोजून द्यायचा. मी म्हणायचे, दादा, मला भूक लागलीय. तो म्हणायचा, आतड्याला विश्रांती दे. वहिनीने मध्ये तोंड उघडलं की तिलाही गप्प करायचा.

झालं काय? जाणं होतं तेवढंच राहिलं. फरक इतकाच की आता नुसतं पिवळं, जळजळीत पाणी पडायचं आणि रिकाम्या पोटात वारा गुरगुरत राहायचा. पायात गोळे येऊ लागले. लघवी गडद आणि थेंबभर. एका सकाळी पलंगावरून उठले आणि भोवळ येऊन पडले. सलाइन लावताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "हिचं पाणी कोणी तोडलं?" दादा म्हणाला, "जुलाब होतायत ना, म्हणून." त्या म्हणाल्या, "हे जुलाब नाहीत. मोठं आतडं नसलेल्या माणसाचं असंच असतं. सोडियम बघा किती उतरलंय."

मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते आता नाही. पाउच म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा 30-40 सेंटीमीटर भाग दुमडून, शिवून केलेली साठवणीची जागा. तो हळूहळू सैलावतो, जास्त धरून ठेवायला लागतो, पण त्यासाठी त्यात काहीतरी भरायला हवं ना? शिवाय तुम्ही जेवा किंवा उपाशी राहा, पाचक रस आणि पित्त सुटतच राहतात. त्यांना घट्ट करणारं अन्न पोटात नसलं की ते तसेच खाली येतात आणि कातडी भाजून काढतात. सुरुवातीला दिवसातून 10-15 वेळा जावं लागणं नेहमीचंच आहे, वर्षभरात बहुतेकांचं ते 4 ते 8 वर येतं. म्हणजे महिना झाल्यावर दिवसाला 12 हे अगदी ठीक चाललंय. घरच्यांना हा आकडा सांगा.

खायला द्यायचं ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. भात, बटाटा, केळं, पाव यांनी घट्ट होतं. अंडी, मासे, चिकन, जे चालत असेल ते द्या, जखम भरायला प्रोटीन लागतं. मीठ कमी करू नका. पाणी भरपूर, पण नुसत्या पाण्यावर भागत नाही. ओआरएस द्या, किंवा घरी 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचे चमचे). गोड ज्यूस आणि शुगर-फ्री गोळ्या उलट जास्त पळवतात. रात्रीचं जेवण लवकर उरकलं तर झोप मिळते. मका, मशरूम, खोबरं, सुकामेवा, जाड साली सुरुवातीचे काही आठवडे नकोत, आतडं अजून सुजलेलं असतं आणि हे पदार्थ अडकतात. नंतर एकेक करून आणायचे, भरपूर चावून.

आयुष्यभर पातळ भात खायची गरज नाही. मी आज शेंगदाणे खाते, कोशिंबीर खाते, दादाच्या समोर बसून खाते. तो अजूनही म्हणतो, "जरा जपून." जपून म्हणजे उपाशी नव्हे, हे त्याला अजून पटलेलं नाही.

कातडीचं सांगायचं राहिलं. पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं आणि जळजळ सुरू व्हायच्या आधीच झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं. सुगंधी वाइप्स घरात आणूच नका.

आणि मिस्टरांना विचारा. त्या सगळ्या काळात माझ्या ताटाबद्दल घरात रोज चर्चा व्हायची, पण तुला काय खावंसं वाटतंय असं मला कोणी विचारलं नाही. पाउच त्यांच्या पोटात आहे, कशाने काय होतं ते त्यांनाच आधी कळणार.

हे सगळं किडनी आणि हृदय ठीक असलेल्या माणसासाठी लिहिलंय. तसा काही आजार असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. लोपेरामाइड (जाणं कमी करणारी गोळी) हीही त्यांना विचारूनच, साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. पोट फुगून कळा येतायत, उलट्या होतायत आणि खालून काहीच येत नाही, तर आतडं अडलेलं असू शकतं; तेव्हा घरगुती उपाय नकोत, लोपेरामाइड तर नकोच, सरळ हॉस्पिटल गाठा. बसलेली घडी अचानक मोडून जाणं वाढलं, ताप किंवा रक्त आलं, तर ती बहुधा पाउचला आलेली सूज असते, तिच्यावर अँटिबायोटिकची औषधं असतात. अंगदुखीला आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. बी-12 आणि लोह अधूनमधून तपासावं लागतं.

सोडियमची तपासणी मात्र याच आठवड्यात करा. रिपोर्ट आला की आधी घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. माझ्या दादाने तो बघूनही मान्य केलं नाही, तुमच्याकडची माणसं कदाचित करतील.