दोन वर्षांचं होत आलं तरी बोलत नाही, घन काही खात नाही… थांबायचं का थेरपी सुरू करायची?

हा प्रश्न महिन्यातून दोन-चार आया तरी विचारतातच, आणि पाठोपाठ "मॅडम, आत्ताच थेरपीला नेलं तर शिक्का नाही ना बसणार?" हेही असतंच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा २२ महिन्यांचा. शब्द म्हणाल तर "आई" आणि "दे", बाकी हात धरून ओढत न्यायचा. जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेला वरणभात, नाचणीचं सत्त्व आणि दिवसभर बाटलीतून दूध, भाताचं एक शीत जरी तोंडात लागलं तरी उमासा. आजी मोबाईल समोर धरून तासभर घास कोंबायच्या, त्याही बिचाऱ्या काळजीपोटीच. घरात सगळ्यांचं एकच, याचा बापही उशिराच बोलला, मुलगे उशिराच बोलतात.

आता हे अगदीच खोटं नाही बरं का. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपसूक गाडी पकडतात, पण आपलं मूल त्यातलं आहे का हे दुसऱ्या वर्षी कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि इथे तर खाण्याचाही घोळ होता. दोन वर्षांच्या आसपास ५० एक शब्द आणि "दूध दे" असे दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही, मूल पुढे बरोबरीला आलं तर बंद करायची, बस.

आधी कानाची तपासणी करायला लावली. आई म्हणाली, "ऐकतो की, कुकरची शिट्टी झाली की वळून बघतो." अगं, शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येणं वेगळं, वारंवार सर्दी होणाऱ्या पोरांच्या कानात पाणी साठतं तेव्हा हेच होतं. याचे कान ठीक निघाले.

मग स्पीच थेरपिस्टने (हे बोलण्याबरोबर चावण्या-गिळण्यावरही काम करतात) त्याच्या गाल आणि दाढेच्या मधे उकडलेल्या बटाट्याची मऊ फोड ठेवली. जीभ बाजूला वळेचना! फोड पुढे ढकलून बाहेर. चावायला जिभेने घास दाढेखाली न्यावा लागतो, ते त्याला जमतच नव्हतं, आणि घरचे समजत होते पोरगं हट्टी आहे. साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळीचं खाणं सुरू झालं नाही की पुढे अशी अडचण येऊ शकते. चावायला शिकला म्हणजे बोलेलच असं मात्र समजू नका, दोन्हीवर वेगवेगळं काम करावं लागतं. फुगे-शिट्ट्या फुंकून बोलणं येतं म्हणणारेही भेटतील, त्याला फारसा आधार नाही.

घरी काय बदललं तर मोबाईल बंद, मोठ्यांच्या पंगतीत त्याचं ताट, अर्ध्या तासात जेवण संपलं, तोंड फिरवलं की घास थांबला. दूध कमी केलं कारण पोट दुधानेच भरलेलं असायचं. वरणभात आधी चमच्याने घोटलेला, मग नुसता कुस्करलेला. सुरुवातीला खाणं कमीच झालं आणि आजी माझ्यावर जाम चिडल्या, वजनावर डॉक्टरांचं लक्ष होतं म्हणून धीर धरता आला. नंतर त्याच आजींनी कमाल केली. "हे काय? काऊ म्हण!" ही परीक्षा बंद करा म्हटलं, तर त्या चिऊला बोलवायच्या, "दाणा खा, पाणी पी आणि…" म्हणून गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. एक दिवस तो म्हणाला, "भू".

आज अडीच वर्षांचा आहे. पोळीचा तुकडा चावतो, भाजीची फोड अजून काढून टाकतो, दोन शब्द जोडायला लागलाय, उच्चार घरच्यांनाच कळतात. थेरपी चालू आहे.

खर्चाचं म्हणाल तर सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लवकर हस्तक्षेपाचं केंद्र, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लहानपणीच ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या आरोग्य तपासणीच्या पथकालाही विचारा. पण पाणी पिताना सारखा ठसका, जेवल्यावर घरघरता आवाज, परत परत छातीत कफ किंवा वजन वाढतच नाही असं काही असेल तर थेरपीची तारीख मिळायची वाट न बघता आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.