दाखल्यावरचे ‘एअर नागपूर’ कोण?

प्रश्न : पणजीच्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्ती विधी) दाखल्यावर छोटा क्रूस आणि पुढे ‘एअर नागपूर’ अशी सही आहे. तारखेचा कोपरा फाटला आहे. हे गृहस्थ कोण? साल कसं काढावं? त्यांचा नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांच्याशी काही संबंध होता का?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : हे नागपूरचे पहिले अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचे) बिशप एअर चॅटर्टन. या पंथात बिशप सहीत आडनाव घालत नाहीत. स्वतःचं नाव आणि पुढे आपल्या धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखाचं, नाव लिहितात. म्हणून ‘नागपूर’ हे आडनाव समजून शोधू नका.

चॅटर्टन आयर्लंडचे, जन्म 1863 चा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून ते 1891 मध्ये मिशनचे प्रमुख म्हणून हजारीबागला आले. घोळ होतो तो इथेच. हजारीबाग छोटा नागपूरच्या पठारावर, आजच्या झारखंडात आहे. त्या धर्मप्रांताचं ठाणं रांची आणि तिथले बिशप वेगळे. त्यामुळे ‘चॅटर्टन 1891 पासून नागपुरात’ असं कुठे वाचलंत तर ते सरळ खोडा. आपला नागपूरचा धर्मप्रांत 1903 मध्ये निघाला. मध्य प्रांतच नव्हे, राजपुतानाही त्यातच! एवढा मुलूख सांभाळून त्यांनी गोंडवनाचा इतिहासही लिहिला, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. 1926 मध्ये त्यांनी पद सोडलं. नंतर आलेल्या अ‍ॅलेक्स वुड यांची सही ‘अ‍ॅलेक्स नागपूर’ अशी.

म्हणजे तुमचा दाखला 1903 ते 1926 मधला. त्यावरून पणजीचं जन्मसाल मात्र काढू नका. बाप्तिस्मा पाळक देतात, दृढीकरण फक्त बिशपच्या हातून होतं. लांबच्या गावी बिशपचा दौरा येईपर्यंत थांबावं लागे आणि मग लहानमोठे सगळे एकाच दिवशी उरकत. दाखल्यावर चर्चचं नाव असेल तर तिथल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आधीची वर्षं चाळा. आडनावाच्या रोमन स्पेलिंगवर अडू नका, ते पाळकागणिक बदलतं. वडिलांचं नाव, गाव आणि धंदा हे रकाने जुळवून पाहा.

हिस्लॉप यांच्याशी मात्र संबंध जुळत नाही. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या चर्चमध्ये बिशप हे पदच नाही. ते 1845 मध्ये नागपुरात आले आणि 1863 मध्ये नदीत बुडून वारले, धर्मप्रांत निघण्याच्या 40 वर्षं आधी.