बादली, बाटली आणि बिंदगी

सदर : आंबवणं-विरजणं
(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

लातूरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. म्हणून या सदरात मला सहसा इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, लोणच्यावर पांढरी का येते, दही चिकट का होतं असलं विचारतात. मागच्या अंकात व्हिनेगरबद्दल लिहिताना 'साखरेची आधी दारू होते आणि मग दारूचं व्हिनेगर' असं एक वाक्य लिहून गेले, आणि टपालाचा नूरच बदलला. या खेपेला तीन पत्रं घेतलीत. पहिल्यानं बरीच जागा खाल्ली आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

बाई, मी मूळचा उदगीरचा, वय ३४, इंजिनिअर. माझा मावसभाऊ अमेरिकेत अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला असतो. त्याला घरी बीअर बनवायचा नाद आहे. २०१३ पर्यंत तिथं तो गुन्हा होता. त्या वर्षी मे महिन्यात तिथल्या आमदारांनी परवानगीच्या बाजूनं मत दिलं, तेव्हा त्यानं मला अर्ध्या रात्री फोन केला होता. गॅरेजमध्ये सगळे हौशी मित्र जमले होते आणि चोरून बनवलेल्या बाटल्या उघडून कायद्याचं स्वागत चाललं होतं. मीही आता २० लिटरची बादली, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी तोटी), हायड्रोमीटर (साखरेचा अंश मोजायची नळी), सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) मागवलेत. अजून काही केलेलं नाही. माझ्याकडे पिण्याचा रीतसर परवाना आहे. विकायचं नाही, फक्त घरच्यापुरतं. हे चालेल का? आणि आपले आमदार असं मत कधी देतील?
— एक वाचक, उदगीर

बादली अजून खोक्यातच आहे ना? तिथंच राहू द्या.

आपल्याकडे चालतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. मुंबई प्रांताच्या काळातला आहे, पुढं नाव तेवढं महाराष्ट्राचं लागलं. परवान्याशिवाय दारू बनवणं हा त्यात गुन्हा आहेच, शिवाय बनवण्याच्या हेतूनं भांडी आणि साहित्य जवळ बाळगणंही कलम ६५ मध्ये येतं. शिक्षा कैदेची आणि दंडाची. तुमचा परवाना विकत घ्यायचा, जवळ ठेवायचा आणि प्यायचा, बनवायचा नाही. मायक्रोब्रुअरीला वेगळा परवाना मिळतो, पण तो धंद्याचा. स्वयंपाकघरातल्या वीस लिटरसाठी कायद्यात रकानाच नाही. उद्या शेजाऱ्यानं वासावरून तक्रार केली, तर पंचनाम्यात तुमच्या 'पेल एल' बीअरचं नाव यायचं नाही. 'अंदाजे वीस लिटर आंबट, उग्र वासाचे रसायन' एवढंच येईल, आणि ते नालीत ओतल्याचा फोटो पेपरात.

आता तुमच्या भावाच्या आनंदाबद्दल. तो मी समजू शकते, कारण त्यांनी वाट फार पाहिली. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली आणि बीअर मागं राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ उजाडलं. त्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बीअर करमुक्त झाली. पण तो केंद्राचा कायदा. प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवायचं होतं, आणि सगळ्यात शेवटी राहिली ती दोन राज्यं म्हणजे मिसिसिपी आणि अलाबामा. दोघांनीही २०१३ मध्येच मान हलवली. म्हणजे केंद्रानंतर पस्तीस वर्षांनी.

अलाबामातल्या हौशी लोकांनी हे कसं घडवलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी 'राइट टू ब्रू' नावाचा गट काढला, आमदारांकडे खेटे घातले, विधेयक पडलं की पुढच्या अधिवेशनात परत आणलं. त्यांच्या विधानसभेत बीअरवर बोलणं काही सोपं नव्हतं. २००८ साली कडक बीअरच्या विधेयकावर चर्चा चालली होती, तेव्हा अल्विन होम्स नावाच्या आमदारांनी उठून विचारलं होतं की आत्ता मिळते त्या बीअरमध्ये काय खोट आहे? हा प्रश्न मला आमच्या औशाच्या एसटी स्टँडवरच्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडी शोभला असता. ते विधेयक पुढच्या वर्षी झालं. घरच्या बादलीला आणखी चार वर्षं लागली.

आणि मिळालं काय? तीन महिन्यांत १५ गॅलन. तुमच्या भावाला विचारा, गॅरेजमधल्या बाटल्या संपल्यावर दुसऱ्या दिवशी हा आकडा वाचून किती जणांचं तोंड वाकडं झालं. पाच गॅलन म्हणजे एकोणीस लिटर, म्हणजे नेहमीची एक बादली. तिमाहीत तीन बादल्या, महिन्याला एक. केंद्राच्या मुभेच्या मानानं हे फारच थोडं. तरी मला वाटतं, विधेयक तरलं ते त्या आकड्यामुळंच. कुणालाही कळतं की महिन्याला एका बादलीवर गुत्ता चालत नाही.

आपले आमदार कधी? आधी पत्ता नीट घ्या. दारू हा आपल्या घटनेत राज्याचा विषय आहे, तेव्हा खासदाराला अर्ज लिहून पोस्टाचा खर्च करू नका. आणि आमदाराला भेटाल तेव्हा हे ध्यानात ठेवा की घटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीकडे जावं असं मार्गदर्शन आहे. ते न्यायालयातून बजावून घेता येत नाही, पण भाषणात फार उपयोगी पडतं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं होतं, आठवतं का? त्यामागं द्राक्षवाला शेतकरी उभा होता, तरी केवढा गदारोळ झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते सगळं गुंडाळलं गेलं. तुमच्या बादलीमागं कुठला शेतकरी आहे? हॉप्स परदेशातून, सातू उत्तरेतून. 'ज्वारीची बीअर करू, मराठवाड्याचा शेतकरी तारू' असलं काही अर्जात लिहू नका. वीस लिटरला चार-पाच किलो धान्य लागतं, तेवढं आमच्या घरी आठवड्याच्या भाकरीला जातं. आणि ज्वारीच्या मोडात पिठाची साखर करणारी विकरं सातूच्या मानानं कमी पडतात, तिचा स्टार्चही जास्त तापमानाला फुलतो. नवशिक्यानं तिच्या नादी लागू नये.

सभागृहात भीती दाखवली जाईल ती विषारी दारूची. तिथं मात्र तुमची बाजू खरी आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनं. मिथेनॉल हे कारखान्यातलं रसायन, नफ्यासाठी दारूत मिसळलं जातं. सातूच्या पाण्यात यीस्ट सोडून आठ-पंधरा दिवस ठेवलं तर डोळे जाण्याइतकं मिथेनॉल त्यात होत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावणं, ही निराळी गोष्ट. म्हणून भट्टीला १९७८ च्या त्या अमेरिकी कायद्यानंही हात लावला नाही, घरी भट्टी लावणं तिथं गुन्हाच राहिलं. बादलीतला खरा धोका वायू कोंडून बाटली फुटण्याचा.

तो मी भोगलाय. व्हिनेगरच्या प्रात्यक्षिकात मधली पायरी दारूची असते, ती आम्ही मुलांना भराभर उतरवायचो. एका वर्षी जालन्याकडची मोसंबी स्वस्त लागली म्हणून रस काढला, साखर घातली, यीस्ट घातलं, आणि शिपायानं सुटीआधी सगळ्या बाटल्यांची बुचं घट्ट बसवून टाकली. 'धूळ जाईल म्हणून, बाई.' एप्रिल महिना, पत्र्याचं छत. सोमवारी दार उघडलं तर ट्यूबलाइट खाली, भिंतीवर मोसंबीचा गर, आणि व्हरांड्यात वास असा की प्राचार्यांनी मला न विचारता आधी शिपायाचं तोंड हुंगलं. बिचारा माळकरी होता.

एक सांगायचं राहिलं, ते लातूरकर म्हणून. वीस लिटर बीअरला पाणी वीस लिटर लागत नाही. उकळताना आटतं, गार करायला लागतं, भांडी दोनदोनदा धुवावी लागतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडे पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली होती. त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर कुणी घरच्या बीअरचं नाव काढलं असतं, तर मी त्याच्या बादलीत दुसरंच काही भरून घेतलं असतं. तेव्हा मुभा मागायचीच असेल तर आकडा स्वतः होऊन लहान मागा, आणि उन्हाळ्याचे तीन महिने सोडून मागा. उदगीरला मे महिन्यात यीस्ट तसंही नीट वागत नाही. त्याला वीस अंशाच्या आसपासचा गारवा लागतो, आणि तुमच्या घरी तेवढा गारवा फक्त माठात असेल.

बाई, तुम्ही शिकलेल्या बाई, आणि दारू करायचं शास्त्र मासिकात छापता? आमच्या गावात बायांनी सह्या गोळा करून मतदान लावलं. आडवी बाटली जिंकली म्हणून आम्ही गुलाल उधळला. मग साहेबांनी सांगितलं की पंधरा मतं कमी पडली, दुकान चालूच राहणार. माझ्या नवऱ्याची कमाई त्या दुकानात जाते. तुम्हाला यीस्टचं कौतुक आहे, आम्हाला नाही.
— एक वाचक, औसा तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि वरचं उत्तर लिहून झाल्यावर तिसऱ्यांदा.

ज्यांना हे मतदान ठाऊक नाही त्यांच्यासाठी : २००८ पासून आपल्याकडे सोय आहे की गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या, तर दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मेख अशी की झालेल्या मतांतली निम्मी मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्यांहून जास्त आडवीला लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीत नाव राहिलेली पण वारलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. तुमची पंधरा मतं तिथंच गेली असणार. पुढच्या वेळी सह्यांच्या आधी यादी दुरुस्त करून घ्या. मयत आणि कायमच्या स्थलांतरित बायांची नावं कमी करायचा अर्ज तहसीलला करता येतो. आणि तारीख साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावरची, म्हणजे गाळप संपल्यावरची मागा, कोयत्यावर गेलेल्या बाया परत आल्यावरची.

कौतुकाचं म्हणाल तर ते मला आहे, ते मी लपवत नाही. दारूला मी आयुष्यात तोंड लावलेलं नाही, पण फेस धरलेलं भांडं दिसलं की मी वाकून बघतेच. उदगीरच्या पाव्हण्यांना मात्र तुमच्या पत्राच्या निमित्तानं एक सांगते. अलाबामातला तो २०१३ चा कायदा सगळ्या राज्याला लागू नव्हता. तिथं काही काउंट्या 'कोरड्या' आहेत, लोकांनी मत देऊन दारू बंद ठेवलेल्या. तिथं घरच्या बादलीलाही मुभा दिली नाही. हौशी लोकांनी ते मान्य केलं, निदान गिळलं. आपल्याकडे असा कायदा कधी आलाच, तर ज्या गावात बाटली आडवी झाली तिथं बादलीही आडवी, हे पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. हे कलम ज्या हौशी माणसाला खुपेल, त्याच्या अर्जावर मी सही करणार नाही. ज्याला खुपणार नाही त्याच्या करीन. माझं एक मत तुमच्या गावात आडवीला आणि दुसरं उदगीरच्या बादलीला. दोन्ही देता येतील असं मतदान अजून कुणी काढलेलं नाही.

बाई, येळवसला (वेळा अमावास्येला) आम्ही आंबील पिऊन शेतातल्या कोपीत झोपी जातो. मित्र म्हणतात त्यात दारू असते. खरं आहे का?
— एक विद्यार्थी, निलंगा

नाही रे बाबा. ज्वारीचं पीठ ताकात आंबतं ते मुख्यतः दह्यातल्या जिवाणूंमुळं, आणि ते आम्ल तयार करतात, दारू नाही. हवेतलं थोडं यीस्ट शिरतं, त्यानं झाला तर नावालाच अंश होतो, आणि नंतर तू ते शिजवतोस. झोप येते ती भज्जी, उंडे, खीर आणि वर तीन तांबे आंबील यांची. मार्गशीर्षातलं ऊन आणि कडब्याची सावली हेही त्यात धर.

एवढं मात्र कर : बिंदगीचं, म्हणजे आंबिलाच्या मडक्याचं तोंड फडक्यानं बांध, झाकण घट्ट लावू नकोस. शिपायाची गोष्ट वर वाचलीस ना?