फॅन्टसी कादंबऱ्यांत ख्रिश्चन श्रद्धा आणि आशा खरंच असते, की वाचणारे ओढूनताणून शोधतात?

असते की. फक्त लोक शोधतात भलतीकडे.

सी. एस. लुईसच्या नार्निया कादंबऱ्यांत काही शोधावंच लागत नाही, अस्लान नावाचा सिंह एका फितूर झालेल्या पोराच्या बदल्यात दगडी टेबलावर जीव देतो आणि पहाटे परत जिवंत उभा राहतो, वधस्तंभ आणि पुनरुत्थान सरळसरळ. मला ते जरा जास्तच उघड वाटतं (लुईसवाल्यांनी रागावू नका).

टॉल्किनचं वेगळं. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये चर्च नाही, पाद्री नाही, प्रार्थनासुद्धा जवळपास नाहीच, वर रूपककथा आपल्याला आवडत नाहीत हे त्याने प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवलंय. आणि तोच माणूस १९५३ च्या एका पत्रात लिहितो की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत, मग दुरुस्त्या करताना जाणूनबुजून. मग हे कॅथलिकपण आहे कुठे? बरेच जण तारखा दाखवतात, जिच्या नाशासाठी कथेतला सगळा प्रवास चालतो ती दुष्ट अंगठी नष्ट होते तो दिवस २५ मार्च, म्हणजे मरीयेला देवदूताचा निरोप आला तो सण. छान आहे, पण माझ्या मते ती शोभेची गोष्ट.

खरी गोष्ट शेवटाला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलोच होतो, अंगठी आगीत टाकायला निघालेला नायक फ्रोडो एवढी पायपीट करून ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि म्हणतो अंगठी माझी, देणार नाही. हरतो तो! काम होतं ते अंगठीने झपाटलेल्या गॉलममुळे, तो ती हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो, आणि गॉलम तिथे जिवंत का असतो तर आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने त्याला मारता येत असूनही दया दाखवली म्हणून. माणूस स्वतःच्या बळावर पार पडत नाही, कृपा लागते, हे ख्रिस्ती शिकवणीचं अगदी गाभ्यातलं आहे आणि ते इथे एकही उपदेश न करता आलंय.

आशेबद्दल विचाराल तर टॉल्किनच्या जगातल्या एल्फ, म्हणजे अमर लोकांच्या भाषेत तिला दोन शब्द आहेत. आमदिर म्हणजे काही चिन्हं दिसतायत म्हणून वाटणारी आशा, आणि एस्टेल म्हणजे चिन्ह एकही नसताना ज्याने आपल्याला घडवलं त्याच्यावरचा भरवसा. या कादंबरीत पुढे राजा होणाऱ्या अ‍ॅरागॉर्नचं लहानपणीचं नाव एस्टेलच. हा फरक येतो फिनरॉड नावाचा एल्फ राजा आणि आंड्रेथ ही माणसांतली शहाणी बाई यांच्या संवादात, टॉल्किन गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी १९९३ ला छापला गेला, जमलं तर नक्की वाचा. त्यात आंड्रेथ सांगते, काही माणसं मानतात की निर्माता स्वतः एक दिवस या जगात उतरेल आणि माणसांना बरं करेल. मग फिनरॉड विचारतो, तू त्यांच्यातली नाहीस का? ती म्हणते, कशी असेन, सगळं शहाणपण त्यांच्या विरुद्ध आहे.