कलम ६७ पासून सुरुवात कर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा अभ्यासक्रमाचा मसुदाही वाचला. युरोपीय राजकीय संस्थांचा तुलनात्मक अभ्यास, जर्मन विद्यापीठ, आणि वर्गात जर्मन मुलांबरोबर इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून आलेली पोलिश, स्पॅनिश, हंगेरियन मुलं. पहिलीच नोकरी आणि असा वर्ग, नशीब काढलंस! पण मसुद्याबद्दल स्पष्टच सांगतो. एकात्मतेचा इतिहास, मग युरोपीय संघाच्या संस्था, मग ‘युरोपीय मूल्यं’ हा क्रम बदल. मूल्यांवरचं व्याख्यान मुलं निमूटपणे उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं परत करतात.

त्यापेक्षा पहिल्याच तासाला विचार, सरकार पाडायचं कसं? जर्मन मूलभूत कायद्यातलं, म्हणजे तिथल्या घटनेतलं, कलम ६७ मोठ्याने वाचून घे. चॅन्सेलरवर, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखावर, अविश्वास दाखवायचा तर त्याच मतदानात त्याचा उत्तराधिकारी बहुमताने निवडावा लागतो. नुसतं ‘हा नको’ चालत नाही. मी अशा वेळी आपलं उदाहरण देतो : एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडलं, पर्यायी सरकार कुणालाच जमवता आलं नाही आणि निवडणूक लागली. मग मुलांना १९३२ मध्ये घेऊन जा. त्या सप्टेंबरात राइशस्टागने, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेने, चॅन्सेलर फॉन पापेन यांच्यावर ५१२ विरुद्ध ४२ मतांनी अविश्वास दाखवला. नाझी आणि कम्युनिस्ट एका बाजूला! पाडायला एकत्र, चालवायला कुणीच नाही. १९४९ च्या घटनाकारांच्या डोळ्यांसमोर हेच होतं. १९७२ मध्ये या कलमाने चॅन्सेलर विली ब्रांट दोन मतांनी तरले, १९८२ मध्ये श्मिट गेले आणि कोल आले.

इथून पुढे वर्ग आपोआप चालतो. स्पेनने १९७८ च्या घटनेत हीच तरतूद घेतली आणि २०१८ मध्ये तिच्याच जोरावर पंतप्रधान राहोय जाऊन सांचेस आले. पोलंडच्या १९९७ च्या घटनेत ती आहे, हंगेरीतही आहे. ज्याच्या-त्याच्या घटनेतलं कलम ज्याला-त्याला शोधून आणायला लाव. आपल्या घरची म्हणून जी गोष्ट आपण धरून चालतो ती शेजाऱ्याकडून आली आहे, हे मुलांना स्वतःच्या हातांनी सापडलं पाहिजे. माझ्या मते लोकशाही एकात्मतेला विद्यापीठ जो हातभार लावू शकतं, तो एवढाच आणि इथेच.

हंगेरीचा विषय निघणारच. २०१० मध्ये एका पक्षाच्या आघाडीला दोन-तृतीयांश जागा मिळाल्या, तिने नवी घटना केली आणि ती २०१२ पासून लागू झाली. अविश्वासाची ती तरतूद तिथे होतीच, पण इतक्या मोठ्या बहुमतापुढे तिचा काय उपयोग, हा प्रश्न जरूर विचार. फक्त हंगेरियन मुलाला आरोपी करू नकोस आणि त्याच्या देशाचा वकीलही करू नकोस.

दुसरा तास बुंडेसराटसाठी, म्हणजे जर्मनीतल्या राज्यांच्या सभागृहासाठी, राखून ठेव. तिथे राज्यांची सरकारं बसतात आणि एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडावी लागतात. राज्यसभेसारखं खासदारागणिक मत नाही. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतर कायद्यावर मतदान होतं. ब्रांडेनबुर्गचं नाव पुकारलं, तेव्हा त्या राज्याचा एक मंत्री ‘हो’ म्हणाला, दुसरा ‘नाही’. अध्यक्ष वोवेराइट यांनी मुख्यमंत्री श्टोल्पे यांना विचारलं, ते ‘हो’ म्हणाले, आणि राज्याची मतं होकारात धरली गेली. सभागृहात एकच गोंधळ! डिसेंबरात घटना न्यायालयाने कायदाच रद्दबातल ठरवला. वर्गात दोन मुलांना मंत्री कर, एकाला अध्यक्ष कर आणि निकाल द्यायला लाव. तास संपला तरी वाद संपत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या वादातूनच ब्रसेल्सला जा. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत, जिथे सदस्य देशांचे मंत्री बसतात, पात्र बहुमताला ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते, हे फळ्यावर लिहायला दोन मिनिटं पुरतात. खरा प्रश्न वेगळा आहे : तिथे हात वर करणाऱ्या मंत्र्याला घरी कुणी विचारलं होतं? डेन्मार्कचा मंत्री महत्त्वाच्या विषयावर निघण्याआधी संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे आपली भूमिका मांडतो. समितीत तिच्याविरुद्ध बहुमत नसेल तरच ती घेऊन जातो. बाकीच्यांकडे काय चालतं, ते मुलांनी आपापल्या संसदेत शोधावं.

एक नाजूक गोष्ट. तुमच्या विभागाला झाँ मोने योजनेचा निधी मिळतो, म्हणजे पैसा संघाचाच. मुलं टोमणा मारणार, आणि मारू देत. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपीय संघाचा घटना-करार फेटाळला आणि त्यातलं बरंचसं पुढे लिस्बन करारात आलं, हे तूच आधी सांग. ज्या वर्गात हे उघडपणे बोलता येत नाही, तिथे बाकीच्या तासांवरही मुलं विश्वास ठेवत नाहीत.

वाचनयादी अर्ध्यावर आण. पहिला महिनाभर घटनांचे मूळ मजकूरच पुरेत. स्पॅनिश मुलीला स्पॅनिशमधून वाचू दे, बाकीच्यांना ती समजावेल. सत्र ऑक्टोबरात सुरू होतंय, त्याआधी सुधारलेला मसुदा पाठव. बुंडेसराटच्या त्या बैठकीचं इतिवृत्त मी शोधून ठेवतो.

तुझा,
सर